विषय वाटून, सादरीकरण मिळून

● सुरुवात : मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१मध्ये अमेरिकेतील ऑस्टिनच्या शाळांत ‘जिगसॉ’ पद्धत आणली. प्रत्येकाकडे धड्याचा एक भाग. तो त्यानेच इतरांना शिकवायचा.

● एमएस्सी रसायनशास्त्राच्या वर्गात : एक शोधनिबंध चौघांत वाटता येतो. एकाने संश्लेषणाचा मार्ग, दुसऱ्याने रिअ‍ॅक्शन मेकॅनिझम, तिसऱ्याने एनएमआर, चौथ्याने यील्ड आणि मर्यादा मांडाव्यात.

● साजेसा विषय : बी-१२ जीवनसत्त्वाचे संश्लेषण. हार्वर्डचे वुडवर्ड आणि झुरिकचे एशेनमोझर यांच्या गटांतील सुमारे शंभर संशोधकांनी ते १९७२मध्ये पूर्णत्वास नेले.

● पथ्य : शिक्षकाने कोणत्याही भागावरचा प्रश्न कोणालाही विचारावा. मग प्रत्येक जण पूर्ण निबंध वाचतो आणि एकट्या हुशार विद्यार्थ्यावर भार पडत नाही.