क्षय बरा झाला, कान गेले

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांना आतड्याचा क्षय दोनदा झाला. दुसऱ्या खेपेला, २०१३ साली, उपचारांत कॅनामायसिनची इंजेक्शनं होती. त्या क्षयातून वाचल्या, पण दोन्ही कानांनी ऐकू येईनासं झालं.

अँटिबायोटिकचा त्रास म्हटलं की आपल्याला जुलाब, तोंड येणं, अंगावर पुरळ एवढंच आठवतं. त्यातलं बरंचसं औषध थांबल्यावर निवळतं. गेलेले कान परत येत नाहीत.

कॅनामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन ही सगळी एका कुळातली औषधं. जिवाणूंच्या पेशीत प्रथिनं बनवणारे रायबोसोम ती बिघडवतात. आपल्या पेशींतली मायटोकॉन्ड्रिया मुळात प्राचीन जिवाणूंपासूनच आलेली, त्यामुळे त्यांचे रायबोसोमही जिवाणूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते, आणि औषधाचा मार त्यांनाही बसू शकतो. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात. औषध त्यांच्यात शिरतं आणि बराच काळ तिथेच साचून राहतं. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. काही जणांत आईकडून आलेला एक जनुकीय बदल असतो; त्यांचे कान थोड्याशा डोसनेही जाऊ शकतात.

नुकसान बहुधा वरच्या पट्टीपासून सुरू होतं. घरातलं बोलणं नीट ऐकू येत असतं, म्हणून रुग्णालाही पत्ता लागत नाही. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीक 'टूं' ऐकू आलं की बटण दाबायचं, इतकी साधी असते कानांची तपासणी. नेहमीची चाचणी ८००० हर्ट्झवर थांबते. त्याच्याही वरचे आवाज तपासले, तर बिघाड आधीच कळतो आणि डॉक्टरांना डोस किंवा औषध बदलायला वेळ मिळतो. ‘जीव वाचतोय, कानाचं काय घेऊन बसलात’ ही वृत्ती मला क्रूर वाटते. हा धोका काही नवा नाही: स्ट्रेप्टोमायसिन १९४० च्या दशकात आलं, आणि कानावर, शरीराच्या तोलावर होणारा त्याचा परिणाम तेव्हाच लक्षात आला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये क्षयाच्या उपचारात कॅनामायसिन वापरू नये असं सांगितलं आणि बेडाक्विलिनच्या गोळ्यांना पुढचं स्थान दिलं. त्या गोळ्यांच्या पेटंटची मुदत लांबू नये म्हणून नंदिता आणि क्षयाच्या उपचारातच ऐकणं गमावलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये भारतात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने गोळ्या बनवणाऱ्या कंपनीचा मुदत लांबवण्याचा अर्ज फेटाळला.

अमिकासिन आणि जेंटामायसिन आजही रुग्णालयांत दिली जातात, आणि गंभीर संसर्गात ती द्यावीच लागतात. इंजेक्शनं चालू असताना कानात शिट्टी वाजू लागली, दडे बसले किंवा चालताना तोल गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं. मनाने औषध बंद करू नये. अतिदक्षता विभागातल्या तान्ह्या बाळाला हे सांगता येत नाही. त्याला ही औषधं दिली असतील, तर घरी नेण्याआधी कानांची तपासणी झाली का, हे आईवडिलांनी विचारून घ्यावं, आणि पुढची तपासणी कधी, तेही लिहून घ्यावं.