शिक्षा संपली, मताधिकाराचे काय?

जन्मठेप भोगून एखादी व्यक्ती बेला किंवा जैनद मंडलातील आपल्या गावी परतली, तर तिला मतदान करता येते काय? येते, आणि त्यासाठी कोणाकडेही विनंती करावी लागत नाही. अमेरिकेतील काही राज्यांत शिक्षा संपल्यावरही मताधिकार स्वतंत्रपणे मागावा लागतो. भारतीय कायद्यात बंदी सामान्यतः गुन्ह्यावर नसून कोठडीवर आहे.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२(५) नुसार तुरुंगात वा पोलीस कोठडीत असलेल्या व्यक्तीस मत देता येत नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्यांचा तेवढा अपवाद. त्यांना टपाली मतपत्रिका मिळते.

येथेच कायद्याची विसंगती दिसते. दोषी ठरूनही अपिलाच्या काळात जामिनावर सुटलेला मनुष्य मतदानाच्या रांगेत उभा राहतो. आरोप सिद्ध न झालेला, परंतु जामिनाची ऐपत नसलेला कच्चा कैदी मात्र आदिलाबादच्या जिल्हा तुरुंगातून मत देऊ शकत नाही. २०२२ अखेर देशातील सुमारे ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अनुकूलचंद्र प्रधान खटल्यात ही तरतूद वैध ठरवली. उमेदवारीची गोष्ट वेगळी: २०२४ मध्ये इंजिनिअर रशीद तिहार तुरुंगात असताना बारामुल्लातून लोकसभेवर निवडून आले.

कोठडीबाहेरही मत रोखले जाते ते निवडणुकीतील गुन्ह्यांसाठी. लाच देणे, अनुचित दबाव आणणे, तोतया मतदान करणे यांत दोषी ठरल्यास कलम ११अ नुसार सहा वर्षे मताधिकार जातो. निवडणूक आयोग कारणे नोंदवून ही अपात्रता दूर करू शकतो. भ्रष्ट आचरणाचे प्रकरण राष्ट्रपतींपर्यंत जाते. विलेपार्ले येथील १९८७ च्या पोटनिवडणुकीतील प्रचारावरून बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार १९९९ मध्ये असाच सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला होता.

बहुतेकांसमोरचा प्रश्न मात्र साधा असतो: यादीत नाव आहे काय? २०१३ च्या दुरुस्तीनुसार केवळ तुरुंगवासामुळे मतदार हे स्थान संपत नाही, आणि तुरुंग हा रहिवासाचा पत्ताही ठरत नाही. तरी दीर्घ अनुपस्थितीमुळे ‘स्थलांतरित’ म्हणून नाव वगळले गेलेले असू शकते. तसे झाले असल्यास नमुना ६ भरून बीएलओकडे द्यावा. नाव असून केवळ पत्ता बदलला असेल, तर नमुना ८ पुरतो.