उसनं अवसान

रात्री दोनचा सुमार. मोटारसायकलवरून पडलेल्या पंचविशीतल्या तरुणाला कॅज्युअल्टीत आणलंय. मांडीला जखम, पोट किंचित कडक. तो स्वस्थ पडून राहत नाही, सुई टोचू देत नाही. मॉनिटरवर नाडी १३०, वरचा रक्तदाब १५०. सोबतचे मित्र म्हणतात, ‘काही नाही डॉक्टर, घाबरलाय तो.’

प्रसंग नमुन्यादाखल रचलेला आहे. खोच आहे ती आकड्यांत. नाडीला वरच्या रक्तदाबाने भागलं की ‘शॉक इंडेक्स’ मिळतो. अलगोवर आणि बुरी या शल्यचिकित्सकांनी १९६७ साली मांडलेला हा भागाकार आजही कामाला येतो. धडधाकट माणसात तो ०.६च्या आसपास असतो. १च्या पुढे गेला, की आत कुठेतरी रक्त वाहतंय असा संशय घ्यायचा. आपल्या तरुणाचा येतो ०.८७. म्हणजे जरा जास्त, पण धावपळ करावी इतका नाही. आता समजा, त्याने तासाभरापूर्वी मेथ, म्हणजे मेथअँफेटामिन हे उत्तेजक, घेतली होती आणि ती नसती तर रक्तदाब ९५ असता. मग नाडी तेवढीच धरली तरी भागाकार होतो १.३७, आणि त्याला थेट ऑपरेशन थिएटरकडे न्यावं लागतं.

रक्त वाहू लागलं की शरीर नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतं, रक्तवाहिन्या आवळतं, हृदय पळवतं. सत्तर किलोच्या माणसाचं पाऊण लिटर रक्त गेलं तरी रक्तदाब जवळपास जागेवर राहतो, तो याच जोरावर. हे रसायन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेलं असतं. मेथ हा साठा बाहेर ढकलते; कोकेन बाहेर आलेलं रसायन परत आत जाऊ देत नाही. दोन्हींत रक्तदाब चढतो. शरीराच्या स्वतःच्या प्रतिसादापेक्षा फरक एवढाच, की शरीराने संकटासाठी राखून ठेवलेली गंगाजळी अपघाताआधीच उधळायला सुरुवात झालेली असते.

याचा खरा फटका बसतो भूल देताना. भुलीने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो. अशा वेळी भूलतज्ज्ञांच्या हाताशी असलेलं एक जुनं औषध म्हणजे इफेड्रिन. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये ते एका वनस्पतीतून वेगळं काढलं आणि १८९३ मध्ये त्याच इफेड्रिनपासून मेथअँफेटामिन बनवलं. दोन्ही रेणूंत फरक फक्त ऑक्सिजनच्या एका अणूचा! पण इफेड्रिनही मुख्यतः तोच साठा बाहेर काढून काम करतं. सतत मेथ घेणाऱ्याच्या अंगात साठाच उरलेला नसेल, तर इंजेक्शन देऊनही रक्तदाब हवा तसा उचलत नाही. मग नॉरअ‍ॅड्रेनलिन किंवा फिनिलेफ्रिन थेट द्यावं लागतं. आधी माहीत असेल, तर ते भरून तयार ठेवता येतं.

असे रुग्ण जास्त दगावतात का? इथे अभ्यासांचं एकमत नाही. कॅलिफोर्नियात १९८९ ते १९९४ या काळात जखमींमधलं मेथ सापडण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं, तेव्हापासून हा प्रश्न विचारला जातोय. रुग्णालयातला मुक्काम लांबतो, असं अनेक पाहण्यांत दिसलं. मृत्यूंचा हिशोब मात्र जुळत नाही. डोक्याला गंभीर मार लागलेल्यांच्या २००८च्या एका अभ्यासात तर मेथ घेतलेले कमी दगावल्याचं आढळलं. यावरून मेथ मेंदू वाचवते असं कुणी म्हणू लागलं, तर माझ्या मते ती घाई आहे. लघवीच्या चाचणीत मेथ दोन-चार दिवस दिसत राहते. परवा घेतलेला आणि आत्ता तारेत असलेला, दोघे एकाच रकान्यात बसतात. सर्दीच्या काही गोळ्यांनीही चाचणी फसते.

आपल्याकडे चर्चेतला पदार्थ वेगळा आहे: एमडी, म्हणजे मेफेड्रोन. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं; फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभमध्ये त्याचा प्रचंड साठा पकडला. तेही उत्तेजकच, पण अँफेटामिन शोधणाऱ्या साध्या लघवी-चाचणीत ते बहुधा सापडत नाही. म्हणजे पट्टी कोरी आली तरी डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही.

उरतो तो सोबत आलेला मित्र. पोलिस केस होईल, घरी कळेल, या धास्तीने तो गप्प राहतो. ती धास्ती समजण्यासारखीही आहे. पण अशा वेळी तुम्ही तिथे असलात, तर भूल देण्याआधी डॉक्टरांना बाजूला घ्या आणि तीन गोष्टी सांगा: काय घेतलं, किती वाजता घेतलं, किती दिवसांपासून घेतोय.