पैनगंगेपलीकडे वेगळं राज्य!

हिंगोलीहून वाशीमला निघालात की वाटेत पैनगंगा लागते. एसटी पूल ओलांडते, जिल्हा बदलतो आणि कंडक्टरकाका मानसुद्धा वर करत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी मात्र इथे कारभारच बदलायचा! अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान. त्याचं स्वतःचं नाणं, हाली सिक्का. टपाल तिकिटंही स्वतःची. पलीकडे वऱ्हाड, तिथे राज्य इंग्रजांचं.

गंमत म्हणजे आधी दोन्ही काठ निजामाचेच होते. मग भानगड कुठे झाली? थोडीशी आपल्या हिंगोलीतही! इथे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाच्या फौजेची छावणी होती. हुकूम देणारे इंग्रज अधिकारी आणि खर्च निजामाचा. (सौदा कुणाच्या फायद्याचा, ते तुम्हीच ठरवा.) खर्च थकत गेला, कर्ज वाढलं आणि १८५३ मध्ये इंग्रजांनी त्यापोटी वऱ्हाडचा कारभार ताब्यात घेतला. निजामाकडून मागण्या होत राहिल्या, पण वऱ्हाड काही परत मिळालं नाही. १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टाच झाला. म्हणजे कागदावर मालक निजाम आणि राज्य करणार इंग्रज!

सीमा म्हणून नदी सोयीची. कुंपण नको, खुणेचे दगड नकोत. पण नदी एका जागी थांबते थोडीच? वळणावर एसटीत आपण कसे बाहेरच्या बाजूला ढकलले जातो, तसंच पाणीही जातं. बाहेरच्या काठाला धार जोरात लागते आणि तो काठ कापला जातो. आतल्या काठाशी पाणी संथ असतं, तिथे गाळ साचतो. वर्षानुवर्षं असं चाललं की वळणच सरकतं. मग सीमा जुन्या जागी राहिली म्हणायची, की नदीबरोबर गेली?

यावरून देश भांडतात. रेषा नदीच्या काठाने धरायची, की सर्वांत खोल धारेने? चीन आणि सोव्हिएत रशिया यांच्यामध्ये उसुरी नदी होती. तिच्यातलं दामान्स्की बेट एक चौरस किलोमीटरसुद्धा नाही. चिनी लोक त्याला झेनबाओ म्हणतात. ते कुणाचं, यावरून मार्च १९६९ मध्ये दोन्हीकडचे सैनिक मारले गेले. दोन्ही देशांकडे अणुबॉम्ब होते, त्यामुळे सगळ्या जगाला धडकी भरली. शेवटी १९९१ च्या करारात मुख्य धार सीमा मानली गेली आणि बेट चीनकडे गेलं.

आपली पैनगंगा काळ्या कातळाच्या मुलखातली. कातळ कापायला नदीला फार काळ लागतो, म्हणून ती मऊ गाळातल्या नद्यांसारखी झपाट्याने सरकत नाही. इथे बदलली ती माणसांचीच व्यवस्था. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम भारताला शरण आला. १९५६ मध्ये अलीकडचा मराठवाडा आणि वऱ्हाडासह पलीकडचा विदर्भ एकाच राज्यात आले. पुढे इसापूरला धरण झालं. आता त्याचं पाणी हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ या तिन्ही जिल्ह्यांतल्या शेतांना मिळतं.

पावसाळा सरल्यावर मोठ्या माणसांबरोबर नदीच्या एखाद्या वळणावर जा. आतल्या काठावरची रेती चिमटीत घेऊन बघा. बाहेरचा काठ मात्र लांबूनच बघायचा, कारण तो खालून पोखरलेला असू शकतो.