संस्थेच्या कारभारात पोर्टलचा उपयोग

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या वाटेवर हिंगणी हे गाव आहे. कापूस, सोयाबीन व तूर ही या भागातील मुख्य पिके होत. येथील शेतकऱ्यास कापूस हमी भावाने विकावयाचा असो, अवजारासाठी अनुदान मागावयाचे असो, की सातबाऱ्याचा उतारा काढावयाचा असो, सांप्रत यांपैकी बहुतेक कामे इंटरनेटवरील पोर्टलद्वारे करावी लागतात. शेतकरी गट, सहकारी संस्था व उत्पादक कंपन्या यांचा तर कायदेशीर कारभारही पोर्टलवर अवलंबून राहू लागला आहे. पोर्टल म्हणजे नेमके काय, त्यापासून संस्थेस कोणते लाभ होतात आणि ते पदरात पडण्यासाठी कोणती दक्षता घ्यावयास हवी, याचा विचार येथे केला आहे.

पोर्टल म्हणजे काय ?

साधे संकेतस्थळ हे दुकानावरील पाटीसारखे असते. पाटी सर्वांना सारखीच दिसते. ती वाचावी व पुढे जावे. पोर्टल हे बाजार समितीच्या आवारासारखे असते. दाराशी नोंद झाली की आत काटा, अडत, लिलाव व हिशेब ही सर्व कामे एकाच ठिकाणी होतात आणि प्रत्येकास आपापल्या मालाची पट्टी मिळते. तद्वत पोर्टलवर प्रथम नोंदणी करावी लागते. नंतर पासवर्डने अथवा भ्रमणध्वनीवर येणाऱ्या ओटीपीने ओळख पटविली म्हणजे त्या व्यक्तीपुरते वा संस्थेपुरते दालन उघडते. त्यात अर्ज करता येतो, कागद जोडता येतात आणि काम कोठवर आले ते पाहता येते.

पोर्टलचा आणखी एक विशेष आहे. त्यामागील नोंदवह्या परस्परांशी जोडलेल्या असतात. एका वहीतील नोंद दुसऱ्या वहीत आपोआप तपासली जाते. यामुळे तेच कागद पुन्हा पुन्हा द्यावे लागत नाहीत, हा लाभ आहे. परंतु एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी काम अडविते, हेही विसरता कामा नये.

कापूस विक्रीचे उदाहरण

ही गोष्ट कापसाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र शासनाने मध्यम धाग्याच्या कापसास क्विंटलला 7,710 रुपये व लांब धाग्याच्या कापसास 8,110 रुपये हमी भाव ठरविला. या हंगामात हमी भावाने विक्री करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांस भारतीय कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी करणे आवश्यक केले. नोंदणीसाठी आधार क्रमांक व जमिनीचा अभिलेख लागे, आणि माल आणण्याचा दिवसही ॲपवरूनच ठरवून घ्यावा लागे.

आता सातबाऱ्यावर कापसाची नोंद कोण करतो ? महाराष्ट्रात 2021 पासून ई-पीक पाहणीची पद्धत सुरू झाली असून, शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून भ्रमणध्वनीवरून आपले पीक नोंदवावयाचे असते. ती नोंद राहून गेली तर उताऱ्यावरील पिकाचा रकाना कोरा राहतो. श्रावण-भाद्रपदात राहिलेली ही उणीव तेव्हा कोणास जाणवत नाही. दिवाळीनंतर बोंडे फुटून कापूस घरात आल्यावर मात्र ती आडवी येते. अशा वेळी गरजू शेतकऱ्यास मिळेल त्या भावाने माल विकावा लागतो. कापसात बारा टक्क्यांहून अधिक ओलावा असल्यास खरेदी केंद्रावर माल घेतला जात नाही, हे शेतकरी जाणतात व त्याप्रमाणे कापूस वाळवितात. नोंदीची काळजीही त्याच तत्परतेने घेतली पाहिजे.

येथे संस्थेचे महत्त्व दिसून येते. प्रत्येक सभासदास सर्व पोर्टलांची व मुदतींची माहिती असणे कठीण आहे. परंतु गटाने सभासदांची यादी करून तीत पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक, बँक खात्यास आधारची जोडणी व विक्रीची नोंदणी असे चार रकाने आखले, आणि दर पंधरवड्यास ते तपासले, तर कोणाचे काम राहिले आहे हे वेळेवर समजते. एक वही व एक जबाबदार माणूस एवढ्याने हे काम होण्यासारखे आहे.

संस्थेस होणारे लाभ

पोर्टलचा पहिला लाभ बाजाराचा होय. राष्ट्रीय कृषी बाजार अर्थात ई-नाम हे पोर्टल 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झाले. एप्रिल 2020 मध्ये त्यात उत्पादक संस्थांसाठी स्वतंत्र सोय करण्यात आली. तिच्यामुळे संस्थेस आपल्या संकलन केंद्रावरूनच मालाचा तपशील व प्रतीची माहिती पोर्टलवर देता येते, आणि माल बाजाराच्या आवारात नेण्यापूर्वी बोली घेता येते. मात्र दूरचा खरेदीदार केवळ नोंदीवर विसंबून बोली लावीत असल्यामुळे मालाची प्रतवारी प्रामाणिक असली पाहिजे.

दुसरा लाभ योजनांचा. महाडीबीटी पोर्टलवर कृषी विभागाच्या अनेक योजनांसाठी अर्ज करता येतो. पूर्वी लाभार्थ्यांची निवड सोडतीने होत असे. 2025 साली शासनाने प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. यास्तव कागदपत्रे आधीपासून तयार ठेवणाऱ्या सभासदास त्याचा फायदा मिळतो.

तिसरा लाभ कायद्याच्या पालनाचा आहे. उत्पादक कंपनीस कंपनी कायदा लागू असून तिची विवरणपत्रे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर सादर करावी लागतात. यासाठी राजधानीच्या अथवा निबंधकांच्या कचेरीस जावे लागत नाही. परंतु मुदत चुकली तर भुर्दंड मोठा आहे. वार्षिक विवरणपत्र वार्षिक सभेनंतर 60 दिवसांत सादर करावयाचे असते. त्यापुढे प्रत्येक दिवसास 100 रुपये जादा शुल्क पडते. 200 दिवसांचा विलंब झाला तर एका विवरणपत्रापोटी 20,000 रुपये भरावे लागतात. लागोपाठ तीन वर्षे विवरणपत्रे दिली नाहीत तर संचालक पुढील पाच वर्षे संचालकपदास अपात्र ठरतात. सभासदांनी शंभर-शंभर रुपये जमवून उभारलेले भांडवल केवळ विस्मरणामुळे असे खर्ची पडावे, ही शोचनीय गोष्ट होय.

वारणेचा अनुभव

संस्थेने स्वतःचे पोर्टल उभारावे काय, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. याबाबत वारणानगरचा अनुभव उद्बोधक आहे. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात 1998 साली सुमारे 70 गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. गावोगावी संगणक केंद्रे उघडून पिकांची माहिती, बाजारभाव आदी अनेक सेवा देण्याचा त्यात उद्देश होता. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी या केंद्रांचा उपयोग मुख्यतः आपल्या उसाची नोंद, वजन व बिल यांच्या चौकशीसाठी केला. पुढे काही गावांत संगणकाऐवजी साध्या भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाने हीच माहिती देण्याचा प्रयोग झाला, आणि तो कमी खर्चात यशस्वी ठरला.

यावरून असे दिसते की, सभासदास पाटी किती मोठी आहे याच्याशी कर्तव्य नसते. आपल्या मालाचे वजन किती भरले व पैसे केव्हा मिळणार, हे त्यास कळावयास हवे असते. समजा, हिंगणीच्या परिसरातील दोनशे शेतकऱ्यांनी एक उत्पादक कंपनी स्थापन केली, तर तिने आरंभीच खर्चिक पोर्टल करवून घेण्याचे कारण नाही. बिनचूक हिशेबवही व प्रत्येक व्यवहारानंतर सभासदास जाणारा संदेश एवढी व्यवस्था पुरेशी होते. सभासद वाढले, व्यवहार अनेक गावांत पसरले आणि वही एका ठिकाणी ठेवून भागेनासे झाले, म्हणजे स्वतःच्या पोर्टलचा विचार करावा. मूळ वही चुकीची असेल तर पोर्टलवर तीच चूक अधिक वेगाने पसरते.

घ्यावयाची दक्षता

(1) नोंदणी करताना संस्थेच्या मालकीचा भ्रमणध्वनी क्रमांक व संस्थेचाच ई-मेल द्यावा. पुष्कळ ठिकाणी उत्साही कर्मचारी स्वतःचा क्रमांक देतो. तो नोकरी सोडून गेला की ओटीपी त्याच्याकडे जातो व संस्थेस आपल्याच दारात थांबावे लागते.

(2) कोणत्या पोर्टलवर कोणत्या नावाने नोंदणी आहे, याची यादी संचालक मंडळाच्या दप्तरी मोहोरबंद ठेवावी आणि पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलावेत.

(3) डिजिटल स्वाक्षरी ही प्रत्यक्ष सहीइतकीच बंधनकारक असते. ती कायमची दुसऱ्याच्या स्वाधीन करू नये. तिची मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे.

(4) अर्ज सादर झाल्याची पोच छापून फाईलला लावावी. अर्ज भरणे व अर्ज सादर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

(5) शासकीय पोर्टलचा पत्ता सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ या अक्षरांनी संपतो. अन्य पत्त्यावर आधार क्रमांक, बँकेचा तपशील अथवा ओटीपी देऊ नये.

(6) मुदतीच्या शेवटच्या दिवशी पोर्टलवर गर्दी होते. निदान आठवडाभर आधी काम उरकावे.

(7) वर्षभरातील सर्व मुदतींचे एक कोष्टक करून ते संस्थेच्या कार्यालयात भिंतीवर लावावे व प्रत्येक मासिक सभेत वाचून दाखवावे.

पोर्टलमुळे कचेरीचे दार गावापर्यंत आले आहे. मात्र त्या दाराची किल्ली संस्थेच्या हाती असली पाहिजे आणि ते वेळेवर उघडणारा माणूस नेमलेला असला पाहिजे. पेरणीची वाफ साधली नाही तर उत्तम बियाणेही वाया जाते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. नोंदणीच्या मुदतीलाही तोच न्याय लागू आहे. प्रत्येक गटाने व कंपनीने येत्या मासिक सभेतच या कामासाठी एका सभासदाची नेमणूक करून वरील यादी तयार करावी, हे श्रेयस्कर होय.