चार घरांची एक फाइल

उमरीतल्या एका शाळेच्या संगणक खोलीत उबुंटू लिनक्सचं एकच यंत्र आहे आणि त्यावर चार खाती: आठवी, नववी, दहावी आणि शिक्षकांचं. शनिवारी मी नांदेडहून मुदखेडमार्गे रेल्वेनं तिथे शिकवायला जातो. इंग्रजी आज्ञांची तुटक अक्षरं पोरांच्या लक्षात राहीनात, म्हणून मी त्यांना मराठी टोपणनावं दिली. 'यादी' लिहिलं की फोल्डरातल्या फाइली दिसतात, 'पुसा' लिहिलं की पुसण्याआधी विचारणा होते. बॅश, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारं शेल, देवनागरी नावं बिनतक्रार घेतं, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला.

ही नावं प्रत्येक खात्याच्या घरात, म्हणजे होम फोल्डरात, दडलेल्या 'बॅशआरसी' फाइलीत लिहायची. टर्मिनल उघडलं की बॅश ती वरून खाली वाचतं. नावातलं 'आरसी' १९६०च्या दशकातल्या, एमआयटीमधल्या 'रनकॉम' या आज्ञांची फाइल चालवणाऱ्या सोयीवरून आलं.

आधी मी तीच फाइल चारही ठिकाणी चिकटवली. महिनाभरात प्रती वेगळ्या झाल्या; नववीला 'शोधा' मिळालं, आठवीला नाही. मग तिन्ही वर्गांतून शिक्षकांच्या फाइलीला दुवा जोडला, तर 'परवानगी नाही' असं उत्तर आलं. उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या खात्याचं घर इतरांना बंद असतं. ते योग्यच आहे, शिक्षकांच्या घरात गुणपत्रकंही असतात.

शेवटी फाइल सगळ्यांच्या घराबाहेर, सामाईक फोल्डरात ठेवली. मालक रूट, म्हणजे यंत्राचं प्रशासक खातं; बाकीच्यांना फक्त वाचायची मुभा. याबाबत मी आग्रही आहे, कारण त्या फाइलीत जो लिहू शकतो तो प्रत्येकाच्या नावानं आज्ञा चालवू शकतो. प्रत्येक बॅशआरसीत एकच ओळ घातली: ही फाइल वाचता येत असेल तर वाच. वाचायची आज्ञा म्हणजे नुसतं टिंब. त्यामुळे आतल्या आज्ञा ह्याच शेलमध्ये चालतात. वेगळ्या शेलमध्ये चालवल्या तर टोपणनावं तिथंच संपतात.

त्या टिंबामुळेच माझी एक चूक तिन्ही वर्गांना भोवली. शिक्षकांपुरत्या ओळी इतरांनी वाचू नयेत म्हणून त्यांच्याआधी मी 'एक्झिट' लिहिलं होतं.

"सर, खिडकी उघडायली अन् लगेच बंद व्हायली."

एक्झिट शेलच संपवतं. तिथे 'रिटर्न' हवं होतं, ते फक्त फाइल वाचणं थांबवतं. आता फाइल बदलताना मी एक टर्मिनल उघडंच ठेवतो. चालू शेल ती आपणहून पुन्हा वाचत नाही, म्हणून दुरुस्तीला जागा राहते.

नव्या खात्यांसाठी तीच ओळ 'स्केल' फोल्डरातल्या बॅशआरसीत घातली. खातं उघडताना तिथल्या फाइलींची प्रत नव्या घरात जाते. जुन्या खात्यांना त्याचा उपयोग नाही, तिथे हातानंच लिहावं लागलं.

ओळ मुद्दाम सर्वांत वर ठेवली आहे. खाली लिहिलेलं नंतर वाचलं जातं, त्यामुळे ज्याचं त्याचं तेच टिकतं. परवा दहावीच्या पोरींनी आपल्या फाइलीच्या तळाशी 'घर' असं टोपणनाव लिहिलं. कुठल्याही फोल्डरातून एका शब्दात परत. आता आठवीलाही ते हवं आहे.