उपवासकाळातील रविवार : बुलढाणा जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेचा एक विचार

ख्रिस्ती वर्षचक्रात पुनरुत्थानाच्या सणापूर्वी, म्हणजे ईस्टरपूर्वी, येणाऱ्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाला बोलण्यात 'लेंट' असेही म्हणतात. या काळाविषयी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत अशी आहे की, ख्रिस्ती लोक चाळीस दिवस उपवास करतात व दर रविवारी देवळात जाऊन त्या उपवासाची उपासना करतात. या समजुतीतील पहिला भाग अर्धा खरा आहे. दुसरा भाग मात्र तपासून घेण्याजोगा आहे. कारण ज्या दिवशी सारी मंडळी एकत्र येते तो रविवारच या चाळीस दिवसांतून वगळलेला आहे. उपवासाच्या काळात उपवास नसलेला दिवस हाच उपासनेचा मुख्य दिवस का असावा, आणि बुलढाणा जिल्ह्यासारख्या प्रदेशातील लहानशा ख्रिस्ती समाजाच्या दृष्टीने या रचनेला कोणता अर्थ प्राप्त होतो, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

१. कालगणना

उपवासकाळाचा आरंभ राखेच्या बुधवारी होतो व शेवट ईस्टरच्या आदल्या शनिवारी होतो. हे दिवस मोजले असता ते शेहेचाळीस भरतात. त्यांतून सहा रविवार वजा केले म्हणजे चाळीस ही संख्या मिळते. येशूने रानात काढलेल्या चाळीस दिवसांचे हे स्मरण होय. चौथ्या शतकाच्या आरंभी ही चाळिसाची कल्पना रुळू लागली होती, इ. स. ३२५ मध्ये भरलेल्या नीकिया येथील धर्मसभेच्या पाचव्या नियमात या काळाचा उल्लेख आढळतो. रविवार वगळण्याचे कारण त्याहूनही जुन्या श्रद्धेत आहे. प्रत्येक रविवार हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा वार, म्हणून प्रत्येक रविवार एक लहान ईस्टर; आणि आनंदाच्या दिवशी उपवास करणे प्राचीन मंडळीला अनुचित वाटे.

ईस्टरचा दिवस चंद्रावर अवलंबून असल्यामुळे मराठी वाचकाला तो समजणे अवघड नाही. धर्मगणितानुसार २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल या मर्यादेत येतो व सामान्यतः फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेच्या पाठोपाठ असतो. २०२४ साली २४ मार्च रोजी सकाळी झावळ्यांचा रविवार होता आणि त्याच दिवशी संध्याकाळी होळी पेटली. २०२५ साली राखेचा बुधवार ५ मार्च रोजी आला, तर भारतात रमजानचे रोजे २ मार्चपासून सुरू झाले होते. ख्रिस्ती उपवास, मुसलमानांचे रोजे व हिंदू घरांतील फाल्गुनातील एकादशी ही तिन्ही त्या वर्षी एकाच गावात, एकाच महिन्यात पाळली जात होती. ज्या समाजात शेजारीपाजारी उपवास हा नेहमीचाच विषय आहे, त्या समाजात 'तुमचा उपवास कसा?' हा प्रश्न टाळता येत नाही.

२. जिल्ह्यातील दोन परंपरा

बुलढाणा जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज संख्येने फार थोडा आहे. त्याच्या घडणीत दोन परंपरा स्पष्ट दिसतात. पहिली प्रोटेस्टंट परंपरा क्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेची. ए. बी. सिम्सन यांच्या प्रेरणेने १८८७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या दोन संघटना १८९७ साली एक होऊन ही संस्था बनली. वऱ्हाडात अकोल्यास तिचे मुख्य ठाणे झाले, आणि पुढे खामगाव, मलकापूर, बुलढाणा या ठिकाणीही तिचे कार्य चालले. दुसरी परंपरा रोमन कॅथलिक. हा जिल्हा १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो.

उपवासकाळाविषयी या दोन परंपरांची भूमिका मुळातच भिन्न आहे. कॅथलिक मंडळीत हा काळ धर्मनियमाने ठरलेला आहे. उलट अलायन्सची घडण ज्या सुवार्तावादी प्रोटेस्टंट वातावरणात झाली, तेथे ठरावीक दिवसांच्या उपवासाला बंधन मानले जात नव्हते. या भूमिकेचे मूळ धर्मसुधारणेच्या काळात आहे. १५२२ साली झ्यूरिक येथे एका मुद्रकाच्या घरी उपवासकाळात मांसाचे तुकडे खाल्ले गेले. त्यावरून उठलेल्या वादात झ्विंग्ली यांनी अन्नाच्या बाबतीत ख्रिस्ती मनुष्य स्वतंत्र आहे, असा पक्ष मांडला. उपवासाने पुण्य साठत नाही. तारण हे देवाच्या कृपेने मिळते, हे त्या पक्षाचे सार होय.

तथापि वऱ्हाडात व एकूण महाराष्ट्रात प्रोटेस्टंट मंडळ्यांनी उपवासकाळ अजिबात सोडून दिला असे झालेले नाही. नियम म्हणून न स्वीकारलेली गोष्ट प्रथा म्हणून अनेक ठिकाणी आली. आठवड्यातील विशेष प्रार्थनासभा, वधस्तंभाच्या मार्गावरील उपदेशमाला, उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन या वेळात वधस्तंभावरील सात उद्गारांवर होणारी उपासना, ही या प्रथेची परिचित रूपे होत.

३. रविवारच्या उपासनेत काय बदलते

कॅथलिक मिस्सामध्ये बदल डोळ्यांना व कानांना लगेच जाणवतो. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात. 'आलेलूया' हा आनंदाचा घोष ईस्टरपर्यंत बंद राहतो. देवाच्या गौरवाचे स्तोत्र रविवारी गाइले जात नाही. वेदीवर फुलांची आरास टाळली जाते. चौथ्या रविवारी मात्र गुलाबी वस्त्रांची मुभा आहे, जणू अर्धी वाट सरल्याची ती खूण असते. येथे आरंभीच्या प्रश्नाचे एक उत्तर मिळते. रविवारी अन्नाचा उपवास नाही, पण शब्दाचा व स्वराचा उपवास आहे. पोट मोकळे आहे, जिभेवरचा एक शब्द मात्र राखून ठेवलेला आहे.

शास्त्रवाचनाचा क्रमही ठरलेला आहे. १९६९ साली सुधारलेल्या वाचनक्रमानुसार पहिल्या रविवारी येशूच्या रानातील परीक्षेचा व दुसऱ्या रविवारी त्याच्या रूपांतराचा प्रसंग येतो. तीन वर्षांच्या चक्रातील पहिल्या वर्षी त्यापुढे विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध मनुष्य व लाजराचे मरणातून उठणे हे योहानाच्या शुभवर्तमानातील तीन प्रसंग वाचले जातात. पाणी, दृष्टी आणि जीवन असा हा क्रम आहे. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी करून घेण्यासाठी ही वाचने प्राचीन काळी योजलेली होती. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्यात उपवासकाळाचा हा बाप्तिस्म्याशी असलेला संबंध प्रायश्चित्ताच्या बरोबरीने पुढे आणावा असे म्हटले आहे. त्याच दस्तऐवजाने लोकभाषेला वाट करून दिल्यामुळे ही वाचने मराठीतून मंडळीच्या कानी पडू लागली.

प्रोटेस्टंट उपासनेत वस्त्रांचा रंग किंवा शब्दांची बंदी यांना फारसे स्थान नाही. प्रार्थना, शास्त्रवाचन, गायन, अर्पण, उपदेश व आशीर्वाद हा तिचा नित्याचा सांगाडा तसाच राहतो. बदलतो तो गीतांचा व उपदेशाचा विषय. आणि मराठी मंडळीत गीत ही किरकोळ बाब नाही. आरंभीच्या काळात मिशनऱ्यांनी पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसविले. ती गीते उपासनेत राहिली, पण मराठी कानाला ती काहीशी परकीच वाटत. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी हे चित्र बदलले. नागपूर ते राजनांदगाव या प्रवासात १८९३ साली एका सहप्रवाशाने दिलेल्या बायबलापासून त्यांचा ख्रिस्ताकडे ओढा सुरू झाला आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अभंग व भजन या वारकरी वळणाच्या रचनाप्रकारांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती गाइली. त्यांची गीते 'उपासना संगीत' या संग्रहाच्या द्वारे पंथोपपंथांच्या सीमा ओलांडून मराठी मंडळ्यांत पसरली. शेगावच्या पालखीची भजने ज्या परिसरात नित्य ऐकू येतात, त्या परिसरात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे गीत पेटी, तबला व झांजा यांच्या साथीने म्हटले जावे, यात परकेपणा उरत नाही. उपवासकाळाचा भाव येथे नियमातून नव्हे, तर गायनातून मंडळीत शिरला, असे म्हणावयास हरकत नाही.

४. शब्दांचा प्रश्न

या काळाला मराठीत कोणते नाव द्यावे, हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. कॅथलिक वापरात 'प्रायश्चित्तकाळ' हा शब्द रूढ आहे. मराठी बायबलात मात्र 'प्रायश्चित्त' हा शब्द मुख्यतः पापाबद्दल केलेल्या यज्ञार्पणाशी व पुढे ख्रिस्ताच्या मरणाशी जोडलेला आहे. म्हणून ज्याची भाषा त्या बायबलावर वाढली त्या प्रोटेस्टंट मनुष्याला मनुष्याने चाळीस दिवस 'प्रायश्चित्त' करावयाचे ही कल्पनाच खटकते. त्याच्या दृष्टीने ते एकदाच, आणि दुसऱ्या कोणी, केलेले आहे. त्याला 'पश्चात्ताप' हा शब्द जवळचा वाटतो. एकीकडे 'क्रूस' व 'क्रुसाची वाट', दुसरीकडे 'वधस्तंभ', असा भेद याच धाटणीचा आहे.

'उपवास' या शब्दाची अडचण निराळी आहे. वऱ्हाडी घरात उपवास म्हटला की साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी ही फराळाची यादी मनात उभी राहते, आणि उपवास कोणत्या देवाचा व कशासाठी, हा प्रश्न त्या पाठोपाठ येतो. उपवासकाळाचे जुने रूप याहून वेगळे, आपल्या एकभुक्ताच्या जवळचे होते : दिवसभरात एकच जेवण, तेही सायंप्रार्थनेनंतर, आणि मांस वर्ज्य. आज कॅथलिक नियम पुष्कळच सौम्य आहे. पोप सहावे पॉल यांच्या १९६६ सालच्या आदेशानंतर सक्तीचे उपवास राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार या दोनच दिवसांचे उरले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे ते अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना, साठावे वर्ष लागेपर्यंत, लागू आहेत. तेव्हा चाळीस दिवसांचा अखंड उपवास हे वर्णन आज कोणत्याही पक्षाला तंतोतंत लागू पडत नाही.

नियम सैल झाला म्हणजे अर्थही सैल झाला काय? 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही आपली म्हण उपवासातील ढोंगावर जो टोला मारते, तोच टोला यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात आहे. उपवासाच्या दिवशी मजुरांना राबविणाऱ्यांना तो संदेष्टा फटकारतो, आणि भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे, निराश्रिताला घरी आणणे हाच देवाला मान्य उपवास होय, असे सांगतो. उपवासकाळातील वाचनांत हा अध्याय येतो.

५. उपवास आणि उपासमार

हा अध्याय वऱ्हाडातील मंडळीत वाचला जातो तेव्हा त्याला इतिहासाचा एक विशेष संदर्भ असतो. १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड व मध्यप्रांत होरपळून निघाला. पोरक्या झालेल्या मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची जबाबदारी मिशनांनी उचलली. अलायन्सच्या कार्यातही अनाथ मुलामुलींच्या संगोपनाला त्या काळी मोठे स्थान मिळाले. महाराष्ट्रातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास अशा दुष्काळी बालकांपासून सुरू होतो. म्हणजे ज्या मंडळीला आज उपवासाचा अर्थ सांगावयाचा आहे, तिच्या काही पूर्वजांनी उपवास केला नव्हता. त्यांच्यावर उपासमार आली होती. ज्याच्या घरात अन्न आहे त्यानेच ते न खाणे याला उपवास म्हणता येते. ज्याच्या घरात ते नाही, त्याला 'उपवास कर' असे सांगणे हा क्रूर विनोद ठरेल.

या दृष्टीने पाहिले असता रविवार वगळण्याच्या जुन्या नियमाला नवा अर्थ येतो. उपवास हा व्यक्तीचा असू शकतो. जेवण मात्र एकट्याचे नसते. रविवारी मंडळी एकत्र जमते ती उपाशी राहण्यासाठी नव्हे, तर एका भाकरीत वाटेकरी होण्यासाठी, मग त्या विधीला कोणी मिस्सा म्हणो वा प्रभुभोजन. आठवड्यात जे स्वतःच्या ताटातून वाचविले ते रविवारच्या अर्पणात यावे आणि तेथून गरजवंताकडे जावे, ही उपवास व दान यांची जुनी सांगड आहे. भारतातील कॅथलिक मंडळीत कारितास इंडिया ही १९६२ साली स्थापन झालेली संस्था दरवर्षी उपवासकाळात भूक व रोग यांच्या विरुद्ध जी मोहीम चालविते, तिचे तत्त्वही हेच आहे.

ऋतूचाही येथे विचार करावयास हवा. या काळात घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, ऊन चढू लागते. हरभरा व गहू काढणीला येतो. शेतमजुराच्या घरात चार दाणे येण्याचा हा काळ असतो, आणि अंगमेहनतीचाही. अशा वेळी दिवसभर उन्हात राबणाऱ्याला अन्न वर्ज्य करण्याचा आग्रह धरण्यापेक्षा, व्यसन, कलह किंवा उधळपट्टी सोडण्यास सांगणारा उपदेश अधिक सयुक्तिक ठरतो. तो सौम्य आहे असे मात्र समजू नये; एक वेळचे जेवण सोडण्यापेक्षा भावाशी चाललेले बांधावरचे भांडण सोडणे बहुधा अधिक कठीण असते.

६. समारोप

एवंच, उपवासकाळातील रविवार हा उपवासाचा कळस नसून त्याची मर्यादा आहे. सहा दिवस चालणाऱ्या आत्मसंयमाला तो दर आठवड्याला थांबवितो व तो संयम कशासाठी आहे याची आठवण करून देतो. कॅथलिक उपासना हे काम राखून ठेवलेल्या शब्दाने व ठरलेल्या वाचनांनी करते; प्रोटेस्टंट उपासना ते गीताने व उपदेशाने करते. बुलढाणा जिल्ह्यातील मंडळी शेजाऱ्यांच्या व्रतवैकल्यांच्या व रोज्यांच्या सान्निध्यात, आणि दुष्काळाचा वारसा पाठीशी घेऊन, ही उपासना करते. तिचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने 'हे लोक काय खात नाहीत?' या प्रश्नावर थांबू नये. 'रविवारी ते कोणाबरोबर जेवतात, आणि कोणासाठी काही राखून ठेवतात?' हा प्रश्न विचारला, तर त्याला या काळाचे मर्म अधिक लवकर सापडेल.